चौथा आहे असं धरू

१

कोडेकाकांचा संसार चहावर टिकलाय की कोड्यांवर, हा त्या घरातला जुना वाद होता. काकू म्हणत चहावर, काका म्हणत कोड्यांवर. खरं म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच होत. दर गुरुवारी संध्याकाळी काकू कामावरून आल्या, की गॅसवर चहाचं आधण चढायचं आणि टेबलावर लाकडी पट यायचा. पट छोटाच, चार आडव्या ओळी, चार उभ्या, एकूण सोळा घरं. काकांनी आठवडाभर घोटून तयार केलेलं कोडं त्यावर काकूंनी सोडवायचं. उकळी यायच्या आत सुटलं, तर ते सोपं, म्हणजे रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर. उकळीनंतर सुटलं तर मोठ्यांच्या. आणि चहा आटला तरी सुटलं नाही, तर काकू पट सरकवून म्हणत, "हे नका हो छापू. लोकांना रविवारची एक तर सुट्टी मिळते."

काकांनी नोकरीची सगळी वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवली होती. दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरणारा माणूस निवृत्तीनंतर दुसऱ्यांना कोड्यात टाकू लागला, एवढाच काय तो फरक. काकू चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासत. "खालची ओळ वाचा" हे दिवसभर म्हणून म्हणून घरी आल्यावरही त्यांच्या बोलण्यात तोच सूर असे. "भाजी आणलीत? आता पिशवीतली खालची ओळ वाचा," असं त्या म्हणाल्या की काका समजत, की कोथिंबीर विसरली.

नवं कोडं हातात घेण्याआधी काकू एक जुनं सोडवत, हात मोकळा करायला. चार वजीर पटावर असे बसवायचे, की कोणाची नजर कोणावर पडू नये. वजिराची नजर उभी, आडवी, तिरपी, सगळीकडे जाते, त्यामुळे जागा फार थोड्या उरतात. याची उत्तरं दोनच आहेत. पट कसाही फिरवा, एका उत्तराचं दुसरं होत नाही. दुसरं दिसतं ते फक्त पटाशेजारी आरसा धरला तर. काकूंचं उत्तर कायम पहिलंच असे. वरच्या ओळीत डावीकडून दुसरं घर, मग दुसऱ्या ओळीत शेवटचं, तिसऱ्या ओळीत पहिलं, आणि तळच्या ओळीत तिसरं. टक, टक, टक, टक. लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारपासून यात बदल नव्हता. "दुसरं उत्तरही लावून बघ की कधी," काका चिडवत. "एकाशी संसार केला तेवढा पुरे," काकू म्हणत.

त्या गुरुवारी चौथा वजीर ठेवताना काकूंच्या बाहीचा धक्का लागला आणि तो टेबलाखाली पडला. आधी लादीवर लाकूड वाजलं, मग घरंगळत जाण्याचा आवाज दाराजवळच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. त्या कोपऱ्यात चपलांचं कपाट होतं आणि त्याला लागून बूट घालताना बसायचं एक बुटकं स्टूल. काका टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे झाले. कपाट सरकवलं, स्टूल उलटं केलं, एकेका बुटात हात घातला. काखेत कळसा नको म्हणून स्वतःचे खिसेही चाचपले. वजीर नव्हता.

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "उकळी येतेय. चौथा आहे असं धरू."

शाळेत गणिताच्या बाई म्हणायच्या तसंच ते होतं. धरू की क्ष इतका आहे. एकदा धरलं की पुढचं सुटतं. काकांनीही धरलं आणि बुडाची धूळ झटकून खुर्चीवर बसले.

२

त्यानंतर तीच पद्धत पडली. काकू तीन वजीर लावत, तळच्या ओळीतल्या तिसऱ्या घरावर नुसतं बोट टेकवत आणि नव्या कोड्याकडे वळत. एकदा काकांनी जुन्या कोटाचं काळं बटण चौथा म्हणून ठेवून दिलं, तर त्यांनी ते उचलून बाजूला केलं.

"कशाला उगाच? अडचण होते."

"अडचण कसली? घर रिकामंच आहे."

"आहे असं धरलंय ना आपण? मग रिकामं कसं?" काकू हसल्या. काकाही हसले आणि बटण खिशात टाकलं.

मग राजांचा गुरुवार आला. मुलांच्या पानासाठी काकांनी अगदी बाळबोध कोडं काढलं होतं. चार राजे पटावर असे ठेवा, की कोणी कोणाला चिकटणार नाही. चार कोपऱ्यांत चार ठेवले की झालं. दुधाचे दात न पडलेलं पोरही सोडवेल असं कोडं. काकूंनी एक राजा वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, एक वरच्या उजव्या कोपऱ्यात. तिसरा त्यांनी तळच्या डाव्या कोपऱ्यात न ठेवता त्याच्या वरच्या घरात ठेवला. चौथा हातात धरून त्या बसून राहिल्या. उकळी आली. चहा वर चढला, काकांनीच उठून गॅस बारीक केला. परत आले तरी राजा हातातच होता.

"नाही होत," काकू म्हणाल्या.

"काय नाही होत?"

"चौथा नाही बसत. तीनच बसतात. तुमचं कोडं चुकलंय."

काकांना वाटलं चेष्टा आहे. पण काकूंच्या कपाळाला बारीक आठी होती, दुकानात एखाद्याचा नंबर लागत नसला की पडते तशी. "अगं, कोपरा आहे ना तो," ते म्हणाले आणि त्यांनी तळच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तिथे?" काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "तिथे कसा ठेवू? मरेल ना तो."

काकांना एकदम सासूबाई आठवल्या. काकूंच्या आईला शेवटची वर्षं माणसं ओळखू येत नव्हती, चहात मीठ घालायची, लेकीला "बाई, तुमचं घर कुठे?" असं विचारायची. त्याची सुरुवातही अशाच एका साध्या गोष्टीने झाली होती. काकूंशिवाय आपलं काय होईल, हा विचार काकांनी आजवर कधी पुरता केला नव्हता. आता तो करावा लागणार, या भीतीने त्यांना चहा गोड की अगोड तेही कळलं नाही.

चार दिवसांनी ते त्यांना नेहमीच्या तपासणीच्या नावाखाली डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. काकूंनी ते केलेच, वर बाईंना सांगितलं की तुम्ही कागद फार लांब धरताय, तुमचा नंबर वाढलाय. तो वाढलाच होता. "यांना काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या. "तुमचं ब्लड प्रेशर मात्र बघू या."

३

मग इथे घोडं पेंड कुठे खातंय? काका दुसऱ्या दिवशी दुपारी पट घेऊन एकटेच बसले. प्रुफं तपासणाऱ्याला एक खोड असते. चूक सापडली की ती खोडायच्या आधी, ती का झाली हे तो बघतो. एका अक्षराची चूक ही बोटाची असते, पण तीच चूक पुन्हा पुन्हा झाली तर ती डोक्यातली असते.

त्यांनी खिशातलं काळं बटण काढलं आणि तळच्या ओळीतल्या तिसऱ्या घरात ठेवलं. मग तिथे खरोखरचा वजीर आहे असं समजून त्याची नजर कुठे कुठे पडते ते बघितलं. तळची ओळ पूर्ण गेली. तिसरी उभी ओळ गेली. तिरप्या वाटांनी आणखी तीन घरं गेली. सोळातली सहाच घरं मोकळी उरली. काकूंचे तिन्ही राजे त्या सहांतच होते. आणि तळचा उजवा कोपरा, जिथे चौथ्या राजाला बसायचं, तिथली चारच्या चारही घरं वजिराच्या नजरेखाली होती.

म्हणजे काकूंचं बरोबर होतं. चौथा वजीर तिथे आहे असं धरलं, तर कोड्याला उत्तरच नव्हतं. काकांनी मागची कोडी आठवून बघितली. हत्तींचं, उंटांचं, दोन घोडे आणि एका प्याद्याचं. वजीर हरवल्यापासूनची सगळी. प्रत्येकाला तीन-चार उत्तरं निघत होती. काकूंनी दर वेळी तेच उत्तर दिलं होतं, ज्यात त्या नजरेच्या वाटेत कोणीही येत नव्हतं.

काकांना आधी आनंदच झाला. बायको शाबूत होती. विसरणारं डोकं इतका हिशेब ठेवत नाही. चौथा आहे असं एकदा धरलं आणि ते सोडायचं राहून गेलं, एवढंच झालं असणार. गणितात पोरं करतात तशी चूक, एका उदाहरणात धरलेला क्ष पुढच्या उदाहरणातही तोच घेऊन बसतात. त्यांनी स्वतःसाठी चहा केला आणि गाणंही गुणगुणले.

संध्याकाळी काकू आल्या. दारात चपला काढल्या, पण कपाटात ठेवल्या नाहीत, दाराबाहेरच राहू दिल्या. पिशवी पूर्वी येताक्षणी त्या स्टुलावर टाकत, ती आज खांद्यावरच होती. भिंतीच्या कडेने दोन पावलं सरळ गेल्या, मग अर्धं पाऊल वळून खिडकीशी आल्या, तिथून पुन्हा दोन पावलं आणि वळण घेऊन स्वयंपाकघरात. काका बघत राहिले. पटावरचा घोडा अडीच घरं चालतो, तशी त्यांची बायको स्वतःच्या बैठकीच्या खोलीतून चालत गेली होती. चालता चालता ती फोनवर लेकीशी बोलत होती आणि हसतही होती.

बायकोचं डोकं एक वेळ समजा, पण पुरवणीवाल्याचं काय? पुरवणीचं पान लावणारा हा गडी महिन्यातून एकदा कोडी न्यायला यायचा. जाडजूड, मोठ्याने हसणारा, चहाबरोबर चार बिस्किटं खाऊन पाचवं खिशात टाकणारा. त्या शनिवारी तो आला आणि जवळ म्हणून स्टुलावर बसायला गेला, पण मध्येच सरळ झाला. खुर्ची ओढून घेतली, बसला, पुन्हा उठला, खुर्ची वीतभर सरकवली. बोलता बोलता आणखी एकदा सरकवली. शेवटी तो पुस्तकांच्या शेल्फाला टेकून अशा ठिकाणी स्थिरावला, जिथून त्याला काकांशी मान वाकडी करून बोलावं लागत होतं.

"तिथे काय बसलायस? इकडे ये, पंख्याखाली," काका म्हणाले.

"नको, इथे बरं वाटतंय," तो म्हणाला आणि बिस्किटाकडे हात केला. "काय म्हणत होतो, मुलांच्या पानावर एकदा खेळाचे नियम द्या. माझाच पोरगा परवा म्हणाला, बाबा, मारलं की पुढे काय? म्हटलं, काय म्हणजे? ज्याला मारलं त्याला उचलायचं आणि त्याच्या घरात आपण जाऊन बसायचं. म्हणाला, बाबा, भाडेकरूसुद्धा इतके निर्लज्ज नसतात!" आणि तो गदगदून हसला. जाताना त्याने बूट हातात घेतले आणि जिन्यात जाऊन घातले.

४

"तुला काय दिसतं तिथे?" काकांनी शेवटी विचारलंच.

काकू भाजी निवडत होत्या, स्वयंपाकघरात. "काही नाही दिसत. दिसलं असतं तर बरं झालं असतं. दिसणाऱ्या गोष्टींचं मला काही वाटत नाही, दिवसभर लोकांच्या बुबुळांतच बघत असते."

"मग?"

"दुकानात गिऱ्हाईक मागे उभं असलं की कळतं ना, न वळता? तसं. आधी तो नुसता होता. आता बघतो." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "भिंतीपलीकडे त्याचं चालत नाही. इथे नाही, झोपायच्या खोलीत नाही. तिथेच, त्या खोलीत."

"मग त्या खोलीत बसूच नकोस."

"का म्हणून? मी पडदे शिवलेत त्या खोलीचे. एका लाकडाच्या तुकड्याला घाबरून मी स्वयंपाकघरात उभ्याने चहा पिऊ? आणि माझ्या खुर्चीत मला त्रास होत नाही. तुम्ही मध्ये असता ना."

काकांना हे समजायला वेळ लागला. कोपऱ्यातल्या स्टुलापासून तिरपी रेष काढली, तर वाटेत आधी काकांची खुर्ची लागत होती, मग टेबल, आणि मग पलीकडे काकूंची खुर्ची. पटावर असं पुष्कळदा होतं. वजिराच्या वाटेत एखादं प्यादं उभं असतं आणि मागे राजा. प्याद्याला स्वतःला काही किंमत नसते, पण ते हललं की मागचा उघडा पडतो. म्हणून त्याने हलायचं नसतं. काकांनी अशा प्याद्यांवर बरीच कोडी रचली होती.

"एकच करा," काकू म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात खालची ओळ नव्हती. "मी बसलेली असताना उठत जाऊ नका."

काकांचा यावर विश्वास बसला होता का? दिवसा विचाराल तर नव्हता. पण बसून राहायला काय पैसे पडतात? ते बसून राहू लागले. टेबल खिडकीकडे हलवूनही बघितलं, तर काकू खुर्चीच्या पाठीला हात लावून उभ्याच राहिल्या. "आता सरळ समोर आलं," त्या म्हणाल्या. "वजीर आहे तो. उंट असता तर चाललं असतं." टेबल परत जागेवर आलं. चहा आता आधीच करून किटलीत आणला जाऊ लागला. काकू आधी उठत, मग काका.

गंमत म्हणजे इतकी वर्षं जवळजवळ न बोलता चहा पिणारी ही दोघं त्या दिवसांत खूप बोलली. उठायची सोयच नसल्यावर माणूस बोलतो. काकूंनी मग लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि केव्हापासून या या म्हणत होती. तिने रविवारची तिकिटं काढून पाठवली. महिनाभर तिच्याकडे राहायचं, तोवर ही जागा विकायला काढायची, असं ठरलं. काकांचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा गुरुवारी अडकला होता.

५

"शेवटचा गुरुवार आहे, रीतसर करू," काकू म्हणाल्या. "आधण ठेवते. उकळी आली की मीच उठेन. तुम्ही जागचे हलू नका."

आतल्या खोलीत दोन बॅगा भरून तयार होत्या. काकांनी त्या दिवसासाठी मुद्दाम अवघड कोडं काढलं होतं. बुद्धीचा खुराक म्हणून नव्हे, काकूंना खूश करायला. दोन हत्ती, दोन उंट, एक घोडा, आणि उत्तर एकच. अर्थात चौथ्याची नजर टाळून. काकांनी चौथ्याला धरून रचलेलं हे पहिलंच कोडं होतं. काकूंच्या ते लगेच लक्षात आलं.

"अच्छा! म्हणजे मानलंत एकदाचं."

"मानलं नाही. धरलं."

काकू हसल्या, अगदी मोकळ्या, कित्येक दिवसांत हसल्या नव्हत्या तशा. मग पटावर वाकल्या. हत्ती ठेवला, उचलला. उंट ठेवला. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलं होतं, तरुणपणी यायचं तसं. काका त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, गार वाटत होतं तेवढं सोडून.

"थांबा हं, येतंय," काकू म्हणाल्या. "सांगू नका. हा घोडा इथे, मग हा उंट..."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. फस्स झालं, गॅसचा भडका उडाला, जळक्या साखरेचा वास आला. आणि कोडेकाका उठले.

त्यात विचार नव्हता. चहा उतू गेला की उठायचं, हे पायांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. चार पावलांत ते ओट्याशी होते. गॅस बंद केला. फडकं घेतलं. हातात फडकं आल्यावर त्यांना कळलं, की आपण कुठे उभे आहोत.

मागे काही आवाज आला नव्हता. खुर्ची सरकली नाही, कोणी ओरडलं नाही. फक्त लाकडावर लाकूड टेकल्याचा एक आवाज आला, टक.

समोर भांड्यांचं कपाट होतं, काचेच्या दारांचं. त्या काचेत दारातून मागची खोली दिसत होती, टेबल, पट आणि काकूंची खुर्ची. पटावर एका घरात दोन मोहरे कधीच नसतात. पण एक उचलताना आणि दुसरा ठेवताना, हात जरा रेंगाळला तर, तेवढ्यापुरते असतात. काकांना काचेत खुर्ची दिसली, आणि तेवढ्यापुरत्या तिच्यात दोघी होत्या.

"अहो," खोलीतून आवाज आला. "चहा सांडला का?"

६

"इकडे या, गंमत बघा," काकू म्हणत होत्या. काका फडकं हातात घेऊनच दारात आले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट, साडी नीट, चेहऱ्यावर हसू. त्यांच्या तळहातावर चौथा वजीर होता.

"कुठे मिळाला?"

"पायाशीच होता की. इतके दिवस शोधतोय आपण!"

मग त्या उठल्या आणि खोलीतून सरळ, अगदी सरळ चालत कोपऱ्यात गेल्या. स्टुलावर बसल्या, वाकून पायाचा तळवा चोळला. बाहेरच्या चपला आत घेतल्या आणि कपाटात ठेवल्या. काकांनी कोपऱ्याकडे नीट बघितलं. तिथे आता काही नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं, न बघता. खोली हलकी झाली होती, पंख्याची हवासुद्धा मोकळी लागत होती.

"गेला," काकू म्हणाल्या. "उगाच आपण घाबरत बसलो. आता कशाला जायचं लेकीकडे? तिला कळवून टाका."

काकांना इतकं हायसं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. फडक्यानेच त्यांनी ते पुसले. संपलं होतं. बायको समोर होती, तिला काही झालं नव्हतं, आणि काचेतलं ते म्हातारपणच्या डोळ्यांचं काहीतरी असणार. दुकानात जाऊन नंबर तपासून घ्यायला हवा. ते ओटा पुसून आले, उरलेला चहा दोन कपांत गाळला आणि टेबलावर ठेवला. मग आपल्या खुर्चीत बसले. पाठीला गार लागत नव्हतं.

पण प्रुफं तपासणाऱ्याचं डोकं, ते गप्प बसेल तर शपथ. गेला म्हणजे कुठे गेला? पटावरचा मोहरा असा उठून जात नाही. त्याचं घर रिकामं दिसलं, तर दोनच गोष्टी झालेल्या असतात. एक तर कोणी त्याला मारलं. इथे त्याला मारणारं कोणी नव्हतं.

"अवघड कोडं राहू दे आता," काकू म्हणाल्या. "आधी हात मोकळा करते. चार आहेत ना आज, पूर्ण चार."

त्यांनी पट मोकळा केला आणि चारही वजीर ओळीने पुढ्यात घेतले. काका कप तोंडाशी नेऊन थांबले. त्यांनी देवाकडे आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. आता त्यांनी एक घर मागितलं, वरच्या ओळीतलं, डावीकडून दुसरं.

काकूंनी पहिला वजीर उचलला आणि वरच्या ओळीत तिसऱ्या घरात ठेवला. दुसरा त्याखालच्या ओळीत, पहिल्या घरात. तिसरा शेवटच्या. चौथा तळच्या ओळीत, दुसऱ्या. टक, टक, टक, टक.

कोणाची नजर कोणावर पडत नव्हती. उत्तरात काडीचीही चूक नव्हती. ते फक्त दुसरं होतं, पट कितीही फिरवला तरी न दिसणारं.

"काय झालं?" समोरून विचारलं. "चुकलं का?"

काकांनी तो चेहरा बघितला. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात होतं, डावीकडच्या. काकूंचं कायम उजवीकडे यायचं. त्यांना काकूंची इतकी आठवण आली, की त्यांनी कप बशीत ठेवून दिला. त्यांना उठून जावंसं वाटलं, पण आता उठून काय होणार होतं? आणि उठलं तर या घरात दुसरं होतं कोण?

"नाही," काका म्हणाले. "बरोबर आहे."

"मग चहा घ्या ना. गार होतोय."

काकांनी चहा घेतला. गुरुवारचा असायचा तसाच झाला होता, थोडा जळका. काकू नवं कोडं मांडायला लागल्या, आणि काका समोर बसून राहिले.